पुढच्या तबकडीचा माणूस

डीजे हा शब्द आता आपल्या गल्लीबोळांत पोचला आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, छातीत घुमणारा ठोका आणि वैतागून खिडक्या लावून घेणारी घरातली वडीलधारी माणसे, असे चित्र या दोन अक्षरांनी डोळ्यांपुढे उभे राहते. मुळात हा शब्द आला तो रेडिओवरच्या माणसासाठी. तबकड्या निवडायच्या, एकीमागून एक वाजवायच्या आणि मधल्या जागेत श्रोत्यांशी चार शब्द बोलायचे, एवढेच त्याचे काम. हे काम बीबीसीच्या रेडिओ वन या केंद्रावर सलग ३७ वर्षे करून एक माणूस इंग्लंडच्या घराघरांत पोचला. त्याचे नाव जॉन पील.

त्याच्या कार्यक्रमात कानठळ्या बसवणाऱ्या पंक गाण्यामागून झिम्बाब्वेची खळाळती गिटार यायची, तिच्यामागून जमैकाचा रेगे, मग एखादे जुने लोकगीत, मग यंत्रावर घडवलेला नुसता ठेका. सगळेच वाजवणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो, की बाबा रे, यात तुझे स्वतःचे काय? आपल्याकडे गवयाला आधी घराणे विचारतात, तसेच हे. पीलला घराणे नव्हते. तरीही रेडिओ लावला की दोन मिनिटांत कळे, हा त्याचाच कार्यक्रम. ही ओळख त्याला कशी सापडली, ती गोष्ट मोठी वाचनीय आहे.

त्याचे खरे नाव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म ३० ऑगस्ट १९३९चा, लिव्हरपूलजवळच्या हेसवॉलचा. चारच दिवसांनी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. वडील कापसाचे व्यापारी. ज्या लिव्हरपूलच्या भावावर एके काळी मुंबईचा कापूसबाजार वरखाली होत असे, तिथलीच ही पेढी. मुलगा श्रूजबरीच्या वसतिशाळेत शिकला, अभ्यासात यथातथाच राहिला. लक्ष सगळे रेडिओकडे. आपल्याकडे जसे रेडिओ सिलोन, तसे तिकडे रेडिओ लक्झेंबर्ग. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत त्याने रडार सांभाळले, मग रॉशडेलच्या सूतगिरणीत काम केले आणि १९६०मध्ये वडिलांच्या व्यवहारातल्या ओळखीने कापसाचाच धंदा शिकायला तो अमेरिकेत टेक्सासला गेला.

धंदा काही जमला नाही. विम्याच्या पॉलिसीही विकून पाहिल्या. त्याच काळात डॅलसच्या एका केंद्रावर, बिनपगारी, तो कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज संगीताच्या कार्यक्रमात सहभागी होऊ लागला. नोव्हेंबर १९६३मध्ये केनेडींची हत्या झाली, तेव्हा लिव्हरपूलच्या दैनिकाचा बातमीदार असल्याची बतावणी करून हा पठ्ठ्या थेट पोलीस मुख्यालयात शिरला आणि पत्रकारांपुढे आणलेल्या ऑस्वाल्डला पाहून आला. मग १९६४मध्ये बीटल्सची लाट अमेरिकेवर आदळली. लिव्हरपूलचा माणूस म्हणजे बीटल्सच्या अंगणातला, एवढ्या भांडवलावर त्याला डॅलसमध्ये रेडिओची नोकरी मिळाली. पुढे ओक्लाहोमा सिटी झाले, कॅलिफोर्नियातले सॅन बर्नार्डिनो झाले. पगार मिळत होता, पण गाजत होते ते गावाचे नाव. त्याचे स्वतःचे असे त्यात अजून काही नव्हते.

या पर्वातली एक गोष्ट झाकून पुढे जाता येत नाही. १९६५मध्ये त्याने टेक्सासमध्ये लग्न केले, तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि वधू अवघी १५ वर्षांची. इंग्लंडला परतल्यावर दोघे लवकरच वेगळे झाले. त्याच्या मृत्यूनंतर या साऱ्याची कठोर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. माणसाचे काम आवडले म्हणून त्याच्या खतावणीतले पान फाडायचे नसते.

१९६७च्या सुरुवातीला तो मायदेशी परतला आणि रेडिओ लंडन या केंद्रावर लागला. हे केंद्र जमिनीवर नव्हतेच. सरकारी परवान्याला बगल देण्यासाठी एसेक्सच्या किनाऱ्यापलीकडे नांगरलेल्या जहाजावरून ते चाले. अशा केंद्रांना लोक चाचे केंद्रे म्हणत. जॉन पील हे नाव मिळाले ते इथे, कचेरीतल्या एका सेक्रेटरीच्या सुचवण्यावरून. त्याला वेळ दिली होती मध्यरात्री बारा ते दोन. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आले, की या वेळी कचेरीतले कोणीच रेडिओ ऐकत नाही.

ज्यांनी बँकेत दिवस काढले आहेत त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. तपासनीस येणार नाही असे कळले, की काही जण काम टाकतात आणि काही जण प्रथमच मनासारखे काम करतात. पीलने जाहिराती गाळल्या, हवामानाच्या बातम्या गाळल्या, ठरवून दिलेल्या लोकप्रिय गाण्यांची यादी बाजूला ठेवली. मनाला भिडेल ते वाजवायचे, हलक्या आवाजात बोलायचे आणि श्रोत्यांची पत्रे वाचायची. द परफ्यूम्ड गार्डन या नावाच्या या कार्यक्रमाला पत्रांचा पाऊस पडू लागला. पण १४ ऑगस्टला नव्या कायद्यामुळे रेडिओ लंडन बंद पडले. त्या वर्षी ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन सुरू केले आणि त्याच्या पहिल्या फळीत पील होता.

बीबीसीत एक अडचण होती, तिचेच पुढे सोने झाले. विकत मिळणाऱ्या तबकड्या रोज किती तास वाजवायच्या, यावर वादकांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी झालेल्या कराराचे बंधन होते. तबकड्यांनी वादकांच्या पोटावर पाय येऊ नये, हा त्यामागचा हेतू. मग उरलेला वेळ भरायला गायक-वादकांना बीबीसीच्याच स्टुडिओत बोलवायचे आणि बहुधा एका दिवसात चारेक गाणी मुद्रित करून घ्यायची, अशी पद्धत पडली. पीलने तिचा उपयोग केला तो ज्यांना दारात कोणी उभे करत नव्हते त्यांच्यासाठी. पील सेशन्स म्हणून गाजलेली ही ध्वनिमुद्रणे चार हजारांवर गेली आणि दोन हजारांहून अधिक कलावंत त्यांत सामील झाले. मँचेस्टरच्या द फॉल या त्याच्या लाडक्या वाद्यवृंदाची एकट्याची सेशन्स २४.

निवड प्रामाणिक ठेवायची तर किंमत मोजावी लागते. मार्क बोलन हा गायक त्याचा जिवलग मित्र. पीलनेच त्याला उचलून धरले होते. १९७१मध्ये बोलनचे गेट इट ऑन हे गाणे आले. पीलला ते आवडले नाही आणि त्याने ते रेडिओवरच जाणवू दिले. गाणे लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले, मैत्री मात्र उरली नाही.

खरी परीक्षा झाली १९७६मध्ये. तोवर त्याचे श्रोते ठरलेले होते. लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉक रचना शांतपणे ऐकणारी ती मंडळी. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रामोन्सची पहिली तबकडी त्याच्या हाती आली. दोन-दोन मिनिटांची, तीन सुरांची, धसमुसळी गाणी. पीलने ती वाजवली आणि श्रोते खवळले. हे बंद करा, अशी पत्रे आली. छत्तिशीतला संसारी माणूस, जमलेले बस्तान. कोणीही शहाण्याने माघार घेतली असती. त्याने आणखी पंक वाजवले. जुने श्रोते गळाले आणि त्यांच्या जागी शाळकरी पोरे येऊन बसली. १९७८मध्ये उत्तर आयर्लंडच्या डेरी गावातल्या अंडरटोन्स या पोरांचे टीनेज किक्स हे गाणे त्याला इतके भावले, की ते संपताच त्याने लगेच पुन्हा वाजवले.

त्याची शैली काय, हे इथे उलगडते. आपल्या आकाशवाणीवर आपली आवड हा कार्यक्रम असे. तिथे श्रोत्यांना आवडते तेच मिळे आणि त्यातही गोडी होतीच. पीलचा मार्ग उलटा होता. आज जे कोणाच्याच आवडीत नाही त्यातले काय उद्या आवडेल, हे तो शोधत बसे. त्याच्या गाण्यांत साम्य नव्हते, साम्य होते ते ऐकणाऱ्या कानात. निवेदनही तसेच बिनतोऱ्याचे. कोणी गायले, कोणत्या कंपनीची तबकडी, एवढे सांगायचे आणि बाजूला व्हायचे. कधी ४५ फेऱ्यांची तबकडी ३३वर लागे, मग तसे कबूल करून ती पुन्हा नीट लावायची. या चुका श्रोत्यांना इतक्या प्रिय झाल्या, की त्या जणू त्याची सहीच बनल्या.

या सहजपणामागे रोजची मेहनत होती. सफकमधल्या ग्रेट फिनबरो या खेड्यात त्याचे घर. १९७४मध्ये त्याने शीलाशी लग्न केले, चार मुले झाली. घरात २६ हजार एलपी आणि ४० हजार छोट्या तबकड्या. प्रत्येक एलपीचे टाइप केलेले कार्ड, त्यावर क्रमांक. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने हेवा करावा अशी नोंद. रोजच्या टपालाने नव्या तबकड्यांचे आणि टेप्सचे ढीग येत आणि तो ते ऐकत बसे. २००२मध्ये लंडनच्या फॅब्रिक या नाइट क्लबच्या मालिकेत त्याची सीडी निघाली. डीजे मंडळी ठेक्यात ठेका मिसळतात, तसली सफाई तिथेही नाही. गाण्यामागून गाणे येते आणि मध्येच लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींचा कोरसही.

आपल्याला जवळचा वाटेल असा एक धागाही यात आहे. १९७६पासून दरवर्षाअखेर त्याचे श्रोते कौल देऊन पन्नास गाणी निवडत. १९९७मध्ये त्यात पहिले आले कॉर्नरशॉप या इंग्लंडमधल्या वाद्यवृंदाचे ब्रिमफुल ऑफ आशा. ही आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. हिंदी चित्रपटगीतांच्या छोट्या तबकड्यांवरच्या मायेचे ते गाणे, त्यात लताबाई आणि रफीसाहेबांचीही नावे येतात. पंकच्या पोरांना ऐकायची सवय ज्याने लावली, त्याच्याच श्रोत्यांनी हा कौल दिला, यात मला तरी नवल वाटत नाही.

१९९८मध्ये बीबीसीच्या रेडिओ फोरवर त्याचा होम ट्रूथ्स हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात संसारातल्या साध्या, गमतीच्या, दुःखाच्या गोष्टी असत. शनिवारी सकाळी आयाबाया तो ऐकत आणि रात्री त्यांची मुले दुसरा पील ऐकत. माणूस एकच होता. अनोळखी तबकडी आणि अनोळखी बाई यांचे म्हणणे तो सारख्याच अदबीने ऐकून घेई.

२५ ऑक्टोबर २००४ रोजी पेरू देशातल्या कुस्को इथे हृदयविकाराने तो गेला. वय ६५. बेरी सेंट एडमंड्सच्या कॅथीड्रलमधल्या अंत्यविधीला हजाराहून अधिक माणसे आली. ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवातल्या एका रंगमंचाला २००५मध्ये त्याचे नाव दिले गेले. २०२३मध्ये ते बदलले. त्याच्या कबरीवर टीनेज किक्समधली ओळ कोरलेली आहे.

घरात एक लाकडी पेटी सापडली. लाखभर गाण्यांतून वेगळ्या काढलेल्या, जवळच्या अशा सुमारे १४० तबकड्या तिच्यात होत्या, आणि त्याही एका जातीच्या नव्हत्या. घरातल्या एखाद्या मुलाला अभंगही आवडतो आणि रॅपही, म्हणून आपण त्याला धरसोड्या म्हणतो. म्हणण्यापूर्वी, तो जे ऐकतो ते पुरते ऐकतो का, एवढे विचारून पाहावे. पुरते ऐकत असेल, तर त्याची पेटी भरू द्यावी.