‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

वसईकरांना तर्खड गाव सांगावे लागत नाही. पण त्या गावाचे नाव आडनावात मिरवणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर किती घरांत ठाऊक असतील? घराणे तर्खडचे, जन्म मात्र मुंबईचा, १८१४ सालचा. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये छापून आले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

माझा विरारचा भाचा कॉम्प्युटरची ‘रूबी’ ही भाषा शिकतो. १९९५ मध्ये जपानमध्ये ती लोकांसमोर आली. तिच्यात ‘सेल्फ’ असा एक शब्द आहे, म्हणजे स्वतः. गंमत अशी, की त्याचा अर्थ जागेवर ठरतो. एखाद्या वस्तूला काम सांगितले, की त्या कामाच्या आत ‘सेल्फ’ म्हणजे ती वस्तू. त्या जातीच्या वस्तूंची व्याख्या लिहिताना, कामाच्या बाहेर, तोच शब्द आला, तर ‘सेल्फ’ म्हणजे तो अख्खा वर्ग. शिवाय कामाच्या आत ठेवलेले साधे नाव बाहेर कुणी ओळखत नाही. भाचा वैतागला होता. मी म्हटले, अरे, हे तर आपले ‘आपण’!

गोविंदाने हरीला आपल्या घरी नेले, तर घर गोविंदाचे. ‘त्याच्या घरी’ म्हटले, की घर बहुधा हरीचे किंवा तिसऱ्याचेच. आणि गोविंदा हरीला म्हणाला की आपण उद्या येऊ, तर येणार एकटा गोविंदा, की दोघे? ‘आम्ही’ म्हटले, की समोरचा वगळला. ‘आपण’ म्हटले, की तो आत आला. शिवाय पाहुण्याला आदराने आपण म्हणतो ते निराळेच. चार वर्षांचे पोर हे बिनचूक बोलते. नियम सांगायला मात्र व्याकरणकार लागतो.

दादोबांना हा ‘आपण’ केवळ पुस्तकात ठेवता आला नाही. सुरतेला शिक्षक असताना, १८४४ मध्ये, मानवधर्म सभेच्या स्थापनेत ते होते. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, तिचेही ते प्रवर्तक. जातिभेद मानणार नाही, अशी शपथ घ्यायची आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, अशी तिथली रीत. वसईत आज पाव खाताना कुणाच्या मनातही येत नाही. तेव्हा त्यापायी माणूस वाळीत पडे. म्हणून सारे गुप्त. दाराआड सगळे ‘आपण’, बाहेर पुन्हा ज्याची त्याची जात. मला हे भ्याडपणाचे वाटत नाही. घरीदारी बायकामुले होती.

१८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली. नावे उघड होणार म्हटल्यावर सभा विस्कटली. १८६७ मध्ये प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला, त्यात पुढाकार होता दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांचा. दादोबा १८८२ मध्ये वारले.