फादर आल्वारिस : एका दुहीचे चरित्र

ख्रिस्तसभेत फूट पडते ती केवळ धर्मतत्त्वांवरून नव्हे, अधिकाराच्या वादावरूनही, हे फादर आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांच्या चरित्रावरून आम्हांस कळून येते.

त्यांचा जन्म १८३६ साली गोव्यातील वेर्णे गावी झाला. हिंदुस्थानातील ख्रिस्तमंडळ्या पोर्तुगालच्या राजाश्रयाखाली, म्हणजे पाद्रुआदोखाली, असाव्यात की रोमच्या प्रोपागांदाखाली, हा तंटा तेव्हाच जुना होता. १८८६ साली पोप तेरावे लिओ व पोर्तुगाल यांच्यात करार होऊन कित्येक मंडळ्या पाद्रुआदोच्या हातून गेल्या. आल्वारिस पाद्रुआदोचे कैवारी, ते दुखावले. अखेर १८८९ साली त्यांनी कोट्टायम येथे सिरियन ऑर्थोडॉक्स बिशपांच्या हस्ते बिशपपद स्वीकारले व मार युलिओस हे नाव धारण केले. गोव्यात त्यांना अटकही सोसावी लागली. तरी उतारवयात त्यांनी पणजीत दीनदुबळ्यांची व रोग्यांची मनोभावे शुश्रूषा केली. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदर येथे त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचा मार्ग न पटणारेही हळहळले.

त्यांनी पत्करलेली फूट आम्हांस मान्य नाही. त्यांची भूतदया मात्र आम्ही विसरू शकत नाही. केशोरीच्या बंधुभगिनींनो, मानापमानाचा लहानसा वाद वेळीच मिटविला नाही तर एका वेदीच्या दोन होतात. या ज्युबिलीच्या वर्षी आपण प्रथम आपापसांतील अबोला सोडू या.