दुःखाला शब्दांची वाट : संत एलिझाबेथ ॲन सीटन

नाताळचा सण नुकताच झालेला असतो, घरोघरी मांडलेले गव्हाणीचे देखावे अजून आवरलेले नसतात, अशा वेळी ४ जानेवारीला ख्रिस्तसभा एका मातेचे स्मरण करते. ती माता म्हणजे संत एलिझाबेथ ॲन सीटन. त्या पत्नी होत्या, पाच मुलांची आई होत्या, शिक्षिका होत्या आणि एका धर्मभगिनी संघाच्या संस्थापिकाही होत्या. मात्र आज आपण त्यांच्या जीवनाचा एक वेगळाच पैलू पाहणार आहोत. दुःखाच्या प्रत्येक वळणावर त्यांनी हाती लेखणी घेतली.

एलिझाबेथ यांचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्क येथे एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. वयाची तीन वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांचे मातृछत्र हरपले. १७९४ साली विल्यम सीटन या व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. अॅना मारिया, विल्यम, रिचर्ड, कॅथरीन आणि रिबेका या पाच मुलांनी घर भरले. परंतु पुढे व्यापार बुडाला, वडील डॉ. रिचर्ड बेली १८०१ साली पीतज्वराच्या रुग्णांची सेवा करता करता मृत्यू पावले आणि पतीला क्षयरोगाने ग्रासले.

हवापालटाने पतीस आराम पडेल या आशेने १८०३ च्या ऑक्टोबर महिन्यात त्या पती आणि आठ वर्षांची अॅना यांच्यासह जहाजाने इटलीस निघाल्या. लिव्होर्नो बंदरात वेगळेच संकट उभे होते. न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्यामुळे त्यांना थेट लाझारेटोत, म्हणजे संसर्गाच्या भीतीने प्रवाशांना अलग ठेवण्याच्या इमारतीत, नेण्यात आले. थंड, ओलसर खोली, विटांची जमीन आणि खोकल्याने बेजार झालेला पती! अंगात ऊब राहावी म्हणून मायलेकी दोरीवरच्या उड्या मारीत. पवित्र शास्त्राचे वाचन आणि प्रार्थना हाच तिघांचा आधार होता.

तेथेच एलिझाबेथ रोजनिशी लिहू लागल्या. ही रोजनिशी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्या आपल्या लाडक्या नणंदेला, रिबेका सीटन हिला, उद्देशून लिहिली. भीती, थकवा, पतीच्या वेदना, देवावरील भरवसा हे सारे त्यांनी आडपडदा न ठेवता कागदावर उतरविले. सुमारे महिनाभराने सुटका झाली, पण नाताळनंतर अवघ्या दोन दिवसांनी, २७ डिसेंबर १८०३ रोजी, पिसा येथे विल्यम यांनी प्राण सोडला. रोगाच्या भीतीने कोणी पुढे येईना, तेव्हा एलिझाबेथ यांनी स्वतःच पतीच्या देहाची अखेरची सेवा केली. १८०४ च्या जून महिन्यात त्या मायदेशी परतल्या, त्या वेळी जिच्यासाठी पाने लिहिली ती रिबेकाही अंथरुणाला खिळलेली होती. पुढच्याच महिन्यात तीही गेली.

लिव्होर्नोच्या फिलिक्की कुटुंबाने या विधवेला आश्रय दिला होता. त्यांच्या सहवासात पवित्र मिस्साबलिदान आणि ख्रिस्तशरीर संस्कार यांची ओढ एलिझाबेथ यांच्या मनात जागी झाली. १४ मार्च १८०५ रोजी न्यूयॉर्कच्या संत पीटर चर्चमध्ये त्यांनी कॅथोलिक श्रद्धेचा स्वीकार केला. त्यामुळे अनेक आप्तस्वकीय दुरावले. मुलांच्या पोटासाठी त्यांनी शिकविण्याचा मार्ग धरला. १८०८ साली बाल्टिमोर येथे त्यांनी मुलींची शाळा उघडली आणि १८०९ साली एमिट्सबर्ग येथे धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. १८१० साली तेथे गरीब मुलींसाठी विनामूल्य शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी आणि भगिनी त्यांना मदर सीटन म्हणू लागल्या.

तथापि क्षयरोगाने या मातेची पाठ सोडली नाही. १२ मार्च १८१२ रोजी लाझारेटोतील ती चिमुकली सोबतीण, अॅना, वयाच्या सोळाव्या वर्षी आईच्या डोळ्यांदेखत गेली. त्यानंतरचे तीन महिने आपण भान हरपून बसू की काय, असे त्यांना वारंवार वाटत होते, हे त्यांनी मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने कबूल केले. १८१६ साली आत्याचेच नाव लाभलेली धाकटी रिबेका चौदाव्या वर्षी देवाघरी गेली. तिच्या अखेरच्या आजारातही आईची लेखणी तिच्या उशाशी होती. याच दुःखांच्या मधून त्या पाठ घेत होत्या, फ्रेंच आध्यात्मिक ग्रंथांचे भाषांतर करीत होत्या, नौदलात गेलेल्या मुलाला काळजीने पत्रे धाडीत होत्या.

हे लेखन प्रसिद्धीसाठी नव्हते. १८१७ साली इटलीतील रोजनिशी त्यांच्या अनुमतीशिवाय छापली गेली, तेव्हा त्यांना फार क्लेश झाले. लेखणीने त्यांचे दुःख नाहीसे केले, असेही आम्ही म्हणणार नाही. पण जे एकटीने वाहणे अशक्य होते, ते त्यांनी कोणाच्या तरी पुढे, आणि अखेरीस देवापुढे, मांडले. श्रद्धावान माणसाने रडू नये, खचू नये, असे आपल्यातील कित्येकांना वाटते. मुलाला मूठमाती देऊन परतलेली माता नवव्या दिवसाच्या मिस्सेनंतर मूक होऊन जाते आणि आपणही तिला विचारीत नाही. संतपदाला पोहोचलेल्या या मातेने मात्र आपले खचणे लपविले नाही.

४ जानेवारी १८२१ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, एमिट्सबर्ग येथे क्षयरोगानेच त्यांचे निधन झाले. १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप पॉल सहावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. अमेरिकेत जन्मलेल्या त्या पहिल्या संत होत.

आपल्या घरातही एखादी वही असेल. ज्याला बोलता येत नाही त्याने त्या वहीत आपली प्रार्थना लिहावी, आणि ज्याच्यापाशी कोणी मन मोकळे करील त्याने ते नणंद रिबेकेसारखे जिव्हाळ्याने जपावे.

संत एलिझाबेथ ॲन सीटन, शोकाकुल मातांसाठी आणि आम्हां सर्वांसाठी विनंती कर.