दामलेमामांची निष्ठा

शोधाचे श्रेय देताना समाज एकच नाव लक्षात ठेवतो. एडिसनचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते; मेन्लो पार्कच्या कार्यशाळेत त्याच्यासमवेत रात्री जागविणारे सहायक मात्र विस्मृतीत जातात. महाराष्ट्राच्या चित्रपटसृष्टीतील अशा सहायकांचे अग्रणी म्हणजे विष्णुपंत दामले.

१८९२ साली जन्मलेले दामले कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या हाताखाली तयार झाले. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या बंधूंनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला होता. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने काम पुढे चालविले आणि १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रगृहात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव केला. तो यथोचितच होता. परंतु त्या यशात दामल्यांच्या हातांचाही वाटा होता.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी गुरूची कंपनी सोडली आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ स्थापन केली. यास कृतघ्नता म्हणावे काय? बाबूरावांना या वियोगाची झळ पोहोचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि, यंत्र समजल्यावाचून त्याला हात लावावयाचा नाही आणि काम निर्दोष झाल्यावाचून सोडावयाचे नाही, ही गुरुगृहीची शिस्त दामल्यांनी सोडली नाही. बोलपट आला तेव्हा, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ध्वनिमुद्रणाचे नवे तंत्र आत्मसात केले आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चे ध्वनिमुद्रण सांभाळले.

१९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्यास आली. तेथे दामले-फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’चा (१९३६) पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात सन्मान झाला. एक हिंदू, दुसरा मुसलमान. दोघेही मूळचे चित्रकार. वारकरी संताचे जीवन त्यांनी ज्या आत्मीयतेने पडद्यावर आणले, ती आजही मनाला स्पर्शून जाते. दिग्दर्शक म्हणून कीर्ती मिळाली तरी सहकाऱ्यांचे ते ‘दामलेमामा’च राहिले.

१९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे ‘प्रभात’ही लयास गेली आणि १९६० मध्ये तिच्याच वास्तूत शासनाची चित्रपट-शिक्षण संस्था उभी राहिली. कार्यशाळेची जागा विद्यालयाने घ्यावी, हा योग अर्थपूर्ण खरा. गुरूच्या सावलीत आयुष्यभर उभे राहणे ही निष्ठा असेलही. परंतु गुरूने दिलेली विद्या अधिक उजळ करून पुढील पिढीच्या हाती सोपविणे, ही त्याहून मोठी निष्ठा होय.