हिमकणांचा छायाचित्रकार

विल्सन बेंटली यांचा जन्म १८६५ साली अमेरिकेतील जेरिको या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तेथे हिवाळ्यात खूप बर्फ पडे.

ते पंधरा वर्षांचे असताना आईने त्यांना एक जुना सूक्ष्मदर्शक दिला. त्यातून हिमकणाची षटकोनी नक्षी पाहून ते हरखून गेले. ते त्या नक्षीचे चित्र काढू लागत. पण चित्र पुरे होण्याआधीच कण वितळून जाई. एवढी सुंदर नक्षी कायमची नाहीशी होते, याचे त्यांना फार वाईट वाटे.

पुढे आईवडिलांनी त्यांना कॅमेरा घेऊन दिला. तो त्यांनी सूक्ष्मदर्शकाला जोडला. पुष्कळ प्रयत्न फसले. अखेर १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र मिळाले.

शेतीची कामे सांभाळून त्यांनी हा छंद जन्मभर जोपासला. हिवाळ्यात ते थंडगार खोलीत श्वास रोखून काम करत, कारण श्वासाच्या उबेनेही कण वितळे. उन्हाळ्यात ते कोळ्याच्या जाळ्यावरील दवबिंदू टिपत. शेजारी हसत, पण त्यांनी काम सोडले नाही.

त्यांनी ५००० हून अधिक हिमकणांची छायाचित्रे घेतली. १९३१ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. क्षणभर टिकणारे ते हिमकण त्यांच्यामुळे आजही आपल्याला पाहता येतात.