पोलंडच्या मुलांचे ‘बापू’ : जामसाहेब दिग्विजयसिंहजी



रणजी करंडक आणि दुलीप करंडक आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. पण याच घराण्यातल्या एका राजाने युद्धात आई-बाप गमावलेली शेकडो परदेशी मुले सांभाळली, हे किती मुलांना माहीत असते? आज त्यांचीच माहिती पाहूया.

जन्म व शिक्षण

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी सौराष्ट्रात झाला. प्रसिद्ध क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे काका, तर दुलीपसिंहजी हे भाऊ. त्यांचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे इंग्लंडमध्ये झाले. काही वर्षे त्यांनी सैन्यात नोकरी केली. १९३३ साली काकांच्या निधनानंतर ते नवानगर म्हणजे आजच्या जामनगर संस्थानाच्या गादीवर आले.

युद्ध आणि बेघर मुले

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर एका बाजूने जर्मनीने आणि दुसऱ्या बाजूने सोव्हिएत रशियाने हल्ला केला. लाखो पोलिश लोकांना रशियाने घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेले. थंडी, उपासमार आणि रोगराईने कितीतरी माणसे दगावली. १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली खरी, पण जायचे कुठे? मायदेशात तर युद्ध चालू. अनाथ मुलांचे हाल तर विचारूच नका.

अशा वेळी जामसाहेबांनी आपले दार उघडले. त्या काळी ते भारतातल्या संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे प्रमुख होते. देश पारतंत्र्यात, त्यात युद्धाची महागाई. तरीही त्यांनी इतर संस्थानिकांना आणि दानशूर लोकांना मदतीसाठी तयार केले. १९४२ मध्ये मुलांची पहिली तुकडी भारतात आली. काही काळ ती मुंबईला वांद्र्याला राहिली आणि मग जामनगरजवळच्या बालाचडी येथे गेली.

बालाचडीतील घर

समुद्रकिनारी, महाराजांच्या उन्हाळी राजवाड्याजवळच मुलांसाठी वसाहत उभी राहिली. आता तुम्ही अनाथ नाही, मी तुमचा बापू आहे, अशा अर्थाचे त्यांनी मुलांना सांगितले आणि मुलेही त्यांना बापूच म्हणू लागली.

इथे एक गोष्ट आपण शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावी. आमच्यासारखे व्हा, मगच तुम्ही आमचे, असे महाराजांनी म्हटले नाही. मुलांची शाळा पोलिश भाषेत चाले. त्यांची प्रार्थना, सण, नाटक, खेळ सगळे जपले. महाराज स्वतः त्यांच्या कार्यक्रमांना जाऊन बसत. आपली भाषा जपली जाते म्हटल्यावर मूल नव्या माणसांवरही विश्वास टाकते, नाही का?

युद्ध संपले, पण नवा पेच आला. पोलंडमध्ये साम्यवादी राजवट आली आणि मुलांना तिकडे परत पाठवण्याची मागणी झाली. तेव्हा जामसाहेबांनी इतर दोघांसह मुलांचे कायदेशीर पालकत्व घेतले. म्हणजे बापू हा शब्द नुसता बोलण्यापुरता राहिला नाही.

आपल्या महाराष्ट्राशी नाते

१९४६ मध्ये बालाचडीची वसाहत बंद झाली आणि तिथली मुले कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आली. वळिवड्यात १९४३ पासूनच सुमारे ५००० पोलिश लोकांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका-मुलेच. तिथे शाळा, दवाखाना, चर्च, नाट्यगृह होते. भाजीपाला, दूध, बाजारहाट यांतून आसपासच्या गावांशी ओळखी झाल्या. १९४८ पर्यंत हे लोक निघून गेले. आणि गंमत बघा, फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. आज कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एकाच मातीने दोनदा परक्यांना जागा दिली!

अखेर आणि सन्मान

स्वातंत्र्यानंतर जामसाहेबांनी आपले संस्थान भारतात विलीन केले. ते सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. पोलंडने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. राजधानी वॉर्सामध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे आणि ‘भला महाराजा’ नावाचा चौकही आहे.

वर्गात काय करता येईल?

आपल्या कळंब परिसरात ऊसतोडीला, कांदा काढणीला, वीटभट्टीवर बाहेरून कुटुंबे येतात. ती युद्धामुळे आलेली नसतात, पण त्यांचे मूल वर्गाच्या दारात तसेच बावरून उभे असते. त्याची बोली वेगळी, डबा वेगळा. म्हणून हा पाठ शिकवताना एवढे करून पाहा :

१. जगाच्या नकाशावर पोलंड ते कोल्हापूर हा प्रवास मुलांना बोटाने दाखवायला सांगा.
२. नव्या मुलाच्या बोलीतले पाच शब्द सगळ्या वर्गाने शिकावेत.
३. आपल्याला अचानक गाव सोडावे लागले तर सोबत काय न्याल, यावर मुलांना पाच ओळी लिहू द्या.

पालकहो, घरी मुलांना एवढेच विचारा : वर्गातल्या नव्या मुलाशेजारी आज कोण बसले? राज्य नसले तरी बाकावर थोडे सरकून जागा देणे आपल्या मुलांच्या हातात आहे, बरं का!