पदवी नव्हती, तरी देशभरच्या पाखरांची नोंद ठेवली : डॉ. सलीम अली यांची जीवनकहाणी

नांदगाव : दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा. शाळांमध्ये फलक लागतात, पोरं चिमणीची चित्रं काढतात आणि पांढऱ्या दाढीचा, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक म्हाताऱ्याचा फोटो मोबाइलवर फिरतो. फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण हा माणूस जन्मभर पदवीवाचून राहिला, दोनदा त्याची नोकरीची वाट बंद झाली आणि त्याचा सगळ्यात मोठा शोध आपल्या विहिरीवरच्या बाभळीला लटकणाऱ्या खोप्यांचा आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. दहा भावंडांत सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी ही पोरं वाढवली. मामा शिकारीचे शौकीन होते, त्यामुळे पोराच्या हातात लहानपणीच छर्ऱ्याची खेळण्यातली बंदूक आली.

पहिली नोंद याच बंदुकीची आहे. तेव्हा चेंबूर म्हणजे मुंबईबाहेरचं रान होतं. तिथल्या एका तबेल्याच्या भिंतीत चिमणीनं घरटं केलं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर राखणीला. नऊ-दहा वर्षांच्या सलीमनं नर मारला. मादीनं दुसरा नर आणला. तोही मारला. सात दिवसांत आठ नर पडले आणि दरवेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. पोरानं हे सगळं वहीत लिहून ठेवलं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण पाखरू मारणारी पोरं गावोगाव होती. लिहून ठेवणारा हा एकच.

पुढे त्यानं अशीच एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. हळदीचा डाग पडावा तसा. ही खायला चालेल की नाही, अशी शंका पोराला आली. तो मामाकडे गेला. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. ही संस्था १८८३ सालची. त्यांनी तिथले मानद सचिव मिलार्ड यांच्या नावानं चिठ्ठी दिली. बिचकत गेलेल्या पोराला गोऱ्या साहेबानं हाकलून दिलं नाही. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे हे सांगितलं आणि कपाटातले खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. देशात इतक्या जातींची पाखरं आहेत हे पोराला त्या दिवशी कळलं.

शाळेत मात्र डोकं लागत नव्हतं. डोकेदुखीचा आजार होता, त्यापायी मध्येच शाळा सोडून सिंधमध्ये हवापालटासाठी जावं लागलं. १९१३ साली कसेबसे मॅट्रिक झाले. मग भावाच्या धंद्याला हातभार म्हणून ब्रह्मदेशात तावॉयला गेले. तिथे वुल्फ्रामच्या खाणी आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यात लक्ष कमी आणि जंगलात जास्त, मग व्हायचं तेच झालं. १९१७ मध्ये परत आले. मुंबईत व्यापाराचं शिक्षण घेता घेता सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

सरकारच्या प्राणिशास्त्र सर्वेक्षण खात्यात पक्षी अभ्यासकाची जागा होती. ती त्यांना मिळाली नाही, कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याचं काम मिळालं. पगार महिना साडेतीनशे. दोन वर्षांनी अभ्यासाची रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकले. पेंढा भरलेली पाखरं ओळखण्यावर न थांबता जिवंत पाखरू काय खातं, कुठे राहतं, पिल्लं कशी वाढवतं हे पाहायचं, ही दृष्टी तिथे पक्की झाली.

१९३० मध्ये परत आले तर नोकरीच गेलेली. पैसा नाही म्हणून ती जागा रद्द झाली होती. वय चौतीस, पदवी नाही, पगार नाही. मुंबईत राहणं परवडेना, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. आणि इथंच त्यांच्या हाताला खरं काम लागलं.

किहीमला घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लटकतात तसेच खोपे. सलीम अलींनी शिडी लावून वर आडोसा केला, त्यात बसायचं आणि दिवसचे दिवस पाहत राहायचं. कोणतं पाखरू कधी आलं, कुठली काडी आणली, कोणत्या खोप्यात कोण शिरलं, सगळं वहीत.

मराठीत आपण या पाखराला सुगरण म्हणतो. जळगावच्या बहिणाबाईंनीही या खोप्याचं कौतुक बाईच्या नावानं केलं. पण खोपा विणतो तो नर. गवताची, भाताची पाती चोचीनं चिरून लांब दोरे काढतो आणि गाठी मारत विणत जातो. अर्धा विणून झाला की थांबतो. या टप्प्याला खोपा टोपीसारखा दिसतो. मग माद्या येतात, आत-बाहेर करून खोपा पारखतात. लग्नाआधी मुलीकडचे घर पाहून जातात तसंच म्हणा. मादीला पसंत पडला तर नर पुढचं काम करतो, खालचं लांब नळकांडं विणतो. नापसंत झाला तर तो अर्धा खोपा तसाच वाऱ्यावर लटकत राहतो. बाभळीखाली पडलेले अर्धवट खोपे प्रत्येकानं पाहिलेत. ते वाऱ्यानं मोडले असं आपण समजतो, पण त्यातले कित्येक नापास झालेले असतात.

सलीम अलींना दिसलेली खरी गंमत पुढची होती. एक मादी खोप्यात बसली की नर तिथे थांबत नाही. तो शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसरा. अंडी उबवणं आणि पिल्लं भरवणं मादीच्या वाट्याला. हे सगळं नीट, तारीखवार लिहिलेला त्यांचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि बिनपदवीच्या, बेकार माणसाचं नाव बाहेरच्या देशांतल्या अभ्यासकांपर्यंत गेलं.

शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट त्यांनी पुढे लिखाणातून अनेकदा सांगितली. दाणे खाणारी पाखरंही पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. बाजरी दाण्यात आली की माळ्यावर उभं राहून आपण सुगरणीवर, चिमणीवर गोफण फिरवतो ते खोटं नाही, दाणा जातोच. पण पिल्लं घरट्यात असताना हीच पाखरं दिवसभर शिवारातून अळ्या उचलत असतात. तो हिशोब माळ्यावरून दिसत नाही.

त्यानंतर त्यांनी संस्थानांना वेगळीच योजना सुचवली. तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी फुकट करून देतो, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. १९३१ ला हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली, मग त्रावणकोर-कोचीन आणि पुढे एकेक मुलूख. बैलगाड्या, तंबू, कंदील. तेहमिना बरोबर असायच्या. त्यांचं शिक्षण विलायतेत झालेलं, पण जंगलातल्या मुक्कामाला कधी नाही म्हटलं नाही. नवऱ्याचं इंग्रजी लिखाणही त्या सुधारून द्यायच्या. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. वांद्र्याला बहिणीच्या घरी राहिले आणि कामात बुडाले.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. त्याआधी पक्ष्यांची पुस्तकं होती ती साहेबांनी साहेबांसाठी लिहिलेली. हे पुस्तक रंगीत चित्रं पाहून कोणालाही पाखरू ओळखता येईल असं होतं. पंडित नेहरूंनी ते तुरुंगात असताना वाचलं आणि लेकीला, इंदिरेला दिलं. ही ओळख पुढे कामाला आली. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंना लिहिलं आणि मदत मिळाली.

माणूस स्वभावानं तापट होता, वेळेचा काटेकोर होता आणि मोटारसायकलचा वेडा होता. १९५० साली स्वीडनला पक्षीशास्त्रज्ञांची परिषद होती. यांनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीत चढवून युरोपला नेली आणि तिच्यावरून फिरत परिषदेला पोचले. हा गडी भारतापासून गाडी चालवत आला, अशी तिथे बोलवा झाली.

१९५९ पासून त्यांच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. गिरणा धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात, ती कुठून येतात याचं उत्तर अशाच कड्यांतून मिळालं. कड्यावर नंबर आणि सोसायटीचं नाव असतं. रशियात, मध्य आशियात कोणाला असा पक्षी सापडला की तिकडून पत्र यायचं. आजही कडी असलेला पक्षी कुठे मेलेला सापडला, तर नंबर लिहून वन खात्याला कळवावा. एका नंबरावरून हजारो किलोमीटरचा प्रवास उलगडतो.

अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ केला. भारतीय उपखंडातल्या बाराशेहून अधिक जाती त्यात आल्या. शेवटचा खंड १९७४ चा, म्हणजे त्यांच्या वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाचा. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून त्यांनी आग्रह धरला होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. मोर काही संपत नव्हता, माळढोक संपत होता. गवताळ माळरान म्हणजे पडीक जमीन असं सरकारदरबारी धरलं जातं, त्याची किंमत या पाखरानं मोजली. नगर-सोलापूर भागातलं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं खरं, पण तिथेही तो आता जवळपास दिसेनासा झाला आहे.

त्यांची एक चूकही सांगायला हवी, कारण ती गुरं चारणाऱ्यांशी संबंधित आहे. राजस्थानातलं भरतपूरचं पाणपक्ष्यांचं रान राजाच्या शिकारीतून वाचलं, त्यात सलीम अलींचा मोठा वाटा. पण गावकऱ्यांच्या म्हशी तिथे चरतात, त्यानं पक्ष्यांचं नुकसान होतं, असं त्यांचं ठाम मत होतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. गावकरी विरोधात उतरले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे सोसायटीच्याच अभ्यासकांनी अनेक वर्षं पाहणी केली. निघालं ते उलटंच. म्हशी पाण्यातलं गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या. त्या गेल्यावर गवत माजलं आणि पाणपक्ष्यांना जागा कमी पडू लागली. किहीमला दिवसचे दिवस शिडीवर बसलेल्या माणसानं इथे मोजायच्या आधी मत दिलं होतं. त्यांच्याच संस्थेनं मोजणी करून ते खोडलं, आणि संस्थेला ही मोजायची सवय त्यांनीच लावली होती, हेही खरं.

मान-सन्मान पुष्कळ झाले. पद्मभूषण १९५८, पद्मविभूषण १९७६, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक. नावापुढचं डॉक्टर हे विद्यापीठांनी सन्मानानं दिलेलं. गेटी पारितोषिक मिळालं, त्यातली मोठी रक्कम त्यांनी सोसायटीला देऊन टाकली. आपल्याच जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्राचं भरतपूर हे नाव त्यांनीच दिलं, असं सांगतात. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

एक पक्षी मात्र त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही. रानपिंगळा. दिवसा फिरणारं हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणालाच दिसलं नव्हतं. सलीम अली आणि रिप्ली यांनी सत्तरच्या दशकात शोध घेतला, हाती काही लागलं नाही. संग्रहालयातल्या एका मेलेल्या रानपिंगळ्यावर चिठ्ठी होती, गुजरातेतल्या मांडवीची, १९१४ सालची. चिठ्ठी लावणारा होता कर्नल माइनर्टझहागेन. १९३७ साली सलीम अली याच माणसाबरोबर अफगाणिस्तानात पक्षी शोधत फिरले होते. पुढे उघड झालं की त्यानं तो पक्षी संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, खोटी जागा लिहिली होती. मुळात तो १८८४ साली खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं मिळवलेला होता. एका खोट्या चिठ्ठीपायी शोधणाऱ्यांना चुकीची वाट मिळाली.

चिठ्ठी खोटी असल्याचं ओळखून अमेरिकी अभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांचे साथीदार जुन्या खऱ्या नोंदींच्या गावांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, सलीम अली जाऊन दहा वर्षं झाली होती, शहाद्याजवळच्या जंगलात सकाळी भर उजेडात एका निष्पर्ण झाडाच्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. उडाला नाही. फोटो काढून होईपर्यंत तिथेच बसून राहिला.